बाई म्हणजे जमीन नव्हे : एक हरकत

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात बांधलेला एक बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात नदी भरून आली की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून पाणी खाली कोसळते. त्यांतल्या एका धारेला ‘नर’ म्हणतात, दुसरीला ‘मादी’. नळदुर्ग मागे टाकून हैदराबादच्या रस्त्याने पुढे निघाले की जळकोट लागते. हे तुळजापूर तालुक्यातले जळकोट. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे. या टापूत वाढलेल्या माणसाने नर-मादी लहानपणीच पाहिलेली असतात, आणि ही नावे कोणी व का ठेवली असतील असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. नदी एक, बंधारा एक, तो बांधणारे गवंडीही तेच. तरी पाण्याला लिंग मिळाले, आणि एकदा मिळाल्यावर ते इतके स्वाभाविक वाटू लागले की जे उघड उघड बांधकाम आहे, त्याकडे आपण निसर्ग म्हणून पाहू लागलो.

या नावांबद्दल आमची तक्रार नाही. लोकांनी गमतीने ठेवलेली नावे आहेत, ती राहोत. आमची तक्रार आहे ती हीच सवय समीक्षेत शिरून सिद्धान्ताचा आव आणू लागते तेव्हा. स्त्री चित्रकारांच्या रेखाटनांविषयी मराठीत जे लिहिले जाते, विशेषतः प्रदर्शनांच्या पत्रिकांत, परीक्षणांत आणि आता विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत, त्याचा एक साचा तयार झाला आहे. डोंगराची रेघ आणि नितंबाची रेघ एकमेकींत मिसळून जातात. भेगाळलेली माती हीच तिची त्वचा असते. नदी तिच्या धमन्यांतून वाहते. आणि मग बीज, गर्भ, धरित्री, आदिमाया असे चार शब्द ओळीने आले की परीक्षण पूर्ण होते आणि रेखाटन ‘स्त्रीवादी’ ठरते. स्त्रीदेह आणि भूदृश्य यांचे एकरूपत्व दाखविणे म्हणजेच स्त्रीवादी रेखाटन, अशी ही समजूत आहे. ती आम्हांला मान्य नाही. किंबहुना, आमचे म्हणणे असे आहे की हे एकरूपत्व जिथे मोडते तिथेच स्त्रीवादी रेखाटनाला सुरुवात होते.

ही उपमा स्त्रीवादाने शोधलेली नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ती फार जुनी आहे आणि तिचा उगम काव्यात जितका आहे तितकाच कायद्यात आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. तिथे ही कल्पना सौंदर्यासाठी आलेली नाही. ती एका तंट्याच्या निवाड्यासाठी आली आहे. दुसऱ्याच्या शेतात बी पडले तर पीक कोणाचे, शेताच्या मालकाचे की बियाच्या मालकाचे, असा तो तंटा आहे. ‘क्षेत्रज’ पुत्र ही संज्ञा त्याच विचारातली. या वादात दोन दावेदार संभवतात आणि दोघेही पुरुष आहेत. तिसरा दावेदार, म्हणजे खुद्द शेत, संभवतच नाही. कारण शेताला दावा करता येत नाही. बाईला जमीन म्हणण्याचा मूळ अर्थ हा आहे. जमीन कसली जाते, मोजली जाते, वाटली जाते, गहाण पडते आणि विकली जाते. ती कधी वादी नसते.

‘सीता’ या शब्दाचा अर्थ नांगराची तास असा आहे, हे आपण वर्गात मोठ्या कौतुकाने सांगतो. जमिनीवर माणसाने ओढलेली पहिली रेघ ती नांगराची, आणि त्या रेघेला बाईचे नाव. रेखाटनाविषयी बोलायला याहून सुंदर आरंभ सापडणार नाही. परंतु याच कथेत नांगर जनकाच्या हातात आहे. सीता ही रेघ आहे, रेघ ओढणारी नव्हे. आणि कथेच्या शेवटी तिला पुन्हा भूमीतच जावे लागते. ज्या रेखाटनात स्त्रीची आकृती हळूहळू मातीत विरघळत जाते त्याला आपण ‘मुक्ती’ म्हणतो, तेव्हा आपण उत्तरकांडाचा शेवटच पुन्हा लिहीत असतो, फक्त निराळ्या शब्दांत.

युरोपीय चित्रपरंपरेने या उपमेला दृश्य शिस्त दिली. पहुडलेली नग्न स्त्री आणि तिच्यामागे तशाच वळणांच्या टेकड्या, ही रचना तिथे शतकानुशतके गिरवली गेली. आपल्याकडे १९२० च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला आणि ती वळणे आपल्या कलाशिक्षणातही आली. समोर बसलेली बाई मजुरीवर आलेली असते, तासन्‌तास एका स्थितीत बसून तिचे पाय बधिर झालेले असतात, हे कागदावर उतरत नाही. तिच्या पाठीची वळणरेघ तेवढी उतरते. रवी जाधव यांच्या २०१८ च्या ‘न्यूड’ या चित्रपटाने त्या मजुरीकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधले. त्याआधी, २०१७ साली, गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या भारतीय विभागातून तो वगळला गेला होता, हेही बोलके आहे. नग्न आकृतीला आक्षेप नसतो. ती आकृती कामावर आलेली बाई आहे असे म्हटले की आक्षेप सुरू होतो.

या ठिकाणी आम्हांला एक उत्तर नेहमी ऐकविले जाते. उपमा जुनी असेल, पण स्त्रिया ती आता आपल्या हातात घेत आहेत. आणि आपल्या परंपरेत तर भूमिरूप स्त्री ही दासी नसून देवता आहे. या उत्तराचा गांभीर्याने विचार केला पाहिजे, कारण त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या संग्रहालयात आणि तिथल्या मातीत जे सापडले आहे त्यात लज्जागौरीही आहे: उत्तान बसलेली, पाय फाकलेली, शिर नसलेली, सृजनेंद्रिय उघडे ठेवणारी छोटी मूर्ती. भोकरदन, नेवासे, बदामी, आलमपूर अशा अनेक ठिकाणी तिची रूपे आढळली आहेत. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात तिचा माग काढत ती भूदेवी आहे, रेणुका, यल्लमा, जोगुळांबा यांच्याशी तिचे नाते आहे, असे दाखविले. रेणुका म्हणजे रेणुमयी, मातीची. आणि तीही शिरच्छेद झालेली. मराठीत इतका धीट, इतका निःसंकोच आणि इतका विद्वत्तापूर्ण ग्रंथ विरळा. ढेऱ्यांमुळेच आपण अश्लील-अश्लील म्हणून झाकून ठेवलेल्या मूर्तीकडे आदराने पाहू शकलो.

परंतु ढेऱ्यांनी एका प्राचीन श्रद्धेचा अर्थ लावला; आजच्या चित्राचे मूल्यमापन कसे करावे याचा नियम घालून दिला नाही. तो नियम आपण आपल्या आळसाने बनविला. लज्जागौरी पूजनीय आहे म्हणून शिर नसलेली प्रत्येक स्त्री-आकृती क्रांतिकारक ठरत नाही. देवतेला शिर नसते तेव्हा तिचा भक्त तिच्यापुढे वाकतो. बाईला शिर नसते तेव्हा तिच्या वतीने बोलणारे पुष्कळ उभे राहतात. या दोहोंतला फरक समीक्षकाला दिसत नसेल तर त्याने निदान मूर्तीसमोर नवस बोलणाऱ्या बाईला विचारावे. ती लज्जागौरीकडे मूल मागते. आपण लज्जागौरी आहोत असे ती म्हणत नाही. भक्तीतही देह आणि भूमी यांच्यात अंतर असते, आणि ते अंतर मागणाऱ्या बाईला माहीत असते.

शिवाय या भागातल्या माणसांना पृथ्वी ‘माता’ आहे हे सांगताना थोडे जपून बोलावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्यांनी भिंतीखालून आपली माणसे काढली त्यांना धरित्रीच्या मायेच्या गोष्टी सांगण्याची हिंमत आमच्यात नाही. जमीन ही जमीन असते. ती माया करीत नाही आणि सूडही घेत नाही.

दुसरे उदाहरण आमच्यापुढे नेहमी टाकले जाते ते आना मेंदिएता या क्यूबात जन्मलेल्या कलावतीचे. १९७३ ते १९८० या काळात तिने आयोवात आणि मेक्सिकोत आपल्या देहाची बाह्यरेषा मातीत, वाळूत, फुलांनी, कधी जाळाने काढली. ‘सिलुएता’ या नावाने ती मालिका प्रसिद्ध आहे. ‘बाई म्हणजे जमीन’ या वाक्याचा हा जागतिक दाखला म्हणून विद्यार्थी तो देतात. पण ती कामे नीट पाहावीत. पुष्कळदा तिथे देह नाही. देह उठून गेल्यावर उरलेला खळगा आहे. तो पाण्याने भरतो, वाऱ्याने बुजतो, आणि मागे फक्त छायाचित्र राहते. मेंदिएता १९६१ मध्ये, लहानपणीच, आईवडिलांपासून दूर अमेरिकेत पाठविली गेली होती. तिची जमीन तिच्यापासून सुटली होती. तेव्हा तिची बाह्यरेषा ‘मी आणि जमीन एक आहोत’ असे म्हणत नाही. ‘मी इथे होते, आणि आता नाही’ असे म्हणते. तिच्या रेखाटनाचा विषय वियोग आहे. आपण त्यातला वियोग काढून टाकतो आणि अद्वैत तेवढे घरी आणतो.

आणि घरचे उदाहरण? ते वारल्यांचे घ्यावे. लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा तो सवाशिणींनी. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी, सभोवती झाडे, जनावरे, माणसे. चित्रभाषेच्या दृष्टीने एक गोष्ट इथे लक्षात येण्यासारखी आहे. दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून माणसाचे धड होते. डोंगरही त्रिकोणच असतो. म्हणजे देह आणि भूदृश्य एकाच वर्णमालेत लिहिलेले आहेत. पण ही वर्णमाला फक्त स्त्रीदेहाला लागू नाही! पुरुषही त्याच दोन त्रिकोणांचा. बाई ओळखू येते ती अंबाड्याने. इथे बाई जमिनीसारखी नाही. सगळेच एकमेकांसारखे आहेत, आणि सगळे काही ना काही करताहेत. कोणी दळते आहे, कोणी पाणी आणते आहे, कोणी नाचते आहे. नुसती पहुडलेली आकृती वारली भिंतीवर शोधूनही सापडणे कठीण.

हीच रेखा १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी भिंतीवरून कागदावर आली, आणि कागदावर येताच तिचा हात बदलला. जिव्या सोमा म्हसे हे थोर चित्रकार होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या प्रतिभेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ज्या सवाशिणींनी पिढ्यानुपिढ्या चौक लिहिले त्यांतल्या किती जणींची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत? रेखा भिंतीवर असते तोवर ती ‘विधी’ असते आणि बाईची असते. विकली जाऊ लागते तेव्हा ती ‘कला’ होते आणि तिला पुरुषाची सही लागते. सवाशिणींच्या या परंपरेतही सगळ्या स्त्रियांना जागा नव्हती. विधवेला चौक लिहिण्याचा अधिकार नव्हता. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न साधा आहे: रेघ कोण ओढते, आणि सही कोणाची होते? स्त्रीदेह आणि भूदृश्य यांचा जो कोणी विचार करील त्याने चित्रातल्या वळणांआधी हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

आता आमच्या शिवाराकडे येऊ. धाराशिव जिल्ह्यात बाईचा देह आणि भूदृश्य यांचे नाते काय आहे? समीक्षकाला ते सादृश्याचे वाटते. आम्हांला ते कर्तेपणाचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया मोठ्या संख्येने दुष्काळी कामांवर गेल्या. त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली, नाला-बांध घातले, रस्ते केले. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि हे काम चालूच राहिले. आज या भागातून जाताना जे दृश्य आपण ‘मराठवाड्याचा रुक्ष निसर्ग’ म्हणून खिडकीतून पाहतो, त्यातला बांध, त्यातला तलाव, त्यातली सडक, हे सगळे बायांच्या हातचे आहे. त्या भूदृश्यासारख्या दिसत नाहीत; भूदृश्यच त्यांनी केलेले आहे. टोपलीखाली ताठ ठेवलेली मान, खुरपताना वाकलेली पाठ, ज्वारी उपटताना कापलेले तळवे, यांच्या खुणा जमिनीवर आहेत आणि जमिनीच्या खुणा त्यांच्या मणक्यांत आहेत. हा संबंध उपमेने सांगता येत नाही. उपमा दोन वस्तूंना शेजारी ठेवते. इथे एका वस्तूने दुसरी झिजविली आहे.

गर्भ आणि भूमी यांच्या समीकरणाविषयी तर अधिक कठोर बोलणे भाग आहे. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. दोन देह, एक हत्यार. कामाचा दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, आजारपणात खाडा पडतोच. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पुष्कळ जणी ऐन तारुण्यात होत्या. एकीकडे गर्भाशयाला धरित्रीचे रूप मानणारी देवता, दुसरीकडे गर्भाशय ही कामातली अडचण ठरलेल्या बाया; आणि मध्ये आपण, ‘उर्वरा’ आणि ‘सुफला’ अशा शब्दांनी प्रदर्शनाच्या पत्रिका सजविणारे. ज्या बाईचे गर्भाशय काढले आहे ती आपल्या समीकरणात कुठे बसते? ती नापीक जमीन का? हा प्रश्न ऐकायला क्रूर वाटतो. पण तो आम्ही निर्माण केलेला नाही. तो त्या उपमेच्या पोटातच आहे. देहाला जमीन म्हटले की त्याचे मोल पिकावर ठरते. ही उपमा बाईचा गौरव करते तो सुगीपुरता.

भूदृश्याचे सर्वांत प्रभावी रेखाटन कोणते, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही कोणा चित्रकाराचे नाव घेणार नाही. आम्ही गटाचा नकाशा दाखवू. तलाठ्याच्या दप्तरातले ते काळ्या रेघांचे रेखाटन ठरविते की कोणाचे पोट भरेल. त्याच्या जोडीला सातबारा. सातबाऱ्यावर बाईचे नाव असलेच तर ते पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला. त्याही आधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला सांगितले होते. तरीही बाप वारला की बहिणीला तहसिलीच्या गावी नेतात, साडीचोळी करतात, आणि हक्कसोडपत्रावर तिची सही किंवा अंगठा घेतात. त्या अंगठ्याकडे पाहताना आम्हांलाही मोह होतो, की या रेषा डोंगराच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या आहेत, बाईच्या बोटावरच तिचे शिवार उमटले आहे, वगैरे. हा मोह आम्ही आवरतो. तो अंगठा म्हणजे जमिनीचे चित्र नव्हे. ती जमीन गेल्याची खूण आहे. तिच्या देहाची जमिनीच्या दप्तरातली ही बहुधा एकमेव नोंद. आणि ती नोंद हक्क सोडल्याची.

‘मग स्त्रीवादी रेखाटन कशाला म्हणायचे?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि नुसता निषेध करून आम्हांला निघून जाता येणार नाही.

१९८९ साली ‘काली फॉर विमेन’ने ‘शरीर की जानकारी’ नावाचे एक पुस्तक काढले. राजस्थानातल्या खेड्यांतल्या ७५ बायांनी कार्यशाळेत बसून ते तयार केले होते. आधी देहाची माहिती देण्यासाठी नग्न आकृत्या काढल्या गेल्या, तेव्हा खेड्यातल्या बायांनीच हरकत घेतली: अशी उघडी बाई आम्ही पाहतो कुठे? मग तोड निघाली ती अशी: घागरा-ओढणीतली बाई काढायची आणि घागऱ्याचा कागद उचलता येईल असा चिकटवायचा. ज्या बाईला जाणून घ्यायचे आहे तिने तो आपल्या हाताने उचलावा. नंतर खाली सोडावा. आमच्या मते आधुनिक भारतातल्या स्त्रीवादी रेखाटनाचा हा एक मोठा क्षण आहे, आणि कलेच्या अभ्यासक्रमांत त्याला क्वचितच जागा मिळते. इथे देह उघडा की झाकलेला हा वाद नाही. उघडण्याचा हात कोणाचा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कागदाच्या घडीत दिलेले आहे. लज्जागौरीचा खरा वारसा कुठे असेल तर तो या उचलता येणाऱ्या घागऱ्यात आहे, गॅलरीतल्या वळणदार टेकड्यांत नव्हे.

नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये थेट भिंतींवर रेखाटने केली. नाथद्वाऱ्यातली जुनी भित्तिचित्रे नष्ट होत होती, त्याविषयीचा हा उद्गार होता. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे त्या कामाचे नाव. प्रदर्शन संपले आणि भिंती पांढऱ्या रंगाने पुसल्या गेल्या. विकत घेता येईल, मालकी सांगता येईल असे काही उरू दिले नाही. ज्या उपमेचे मूळ मालकीत आहे तिला दिलेले हे आम्हांला दिसणारे एक उत्तर. पुढे त्यांच्या ‘म्यूटंट’ आकृत्यांत अणुस्फोटांनी विद्रूप झालेले देह आले. तिथे जमिनीवर केलेला अत्याचार देहात शिरलेला आहे. देह आणि भूमी यांचा संबंध इथे आहेच. परंतु तो सादृश्याचा नसून कार्यकारणाचा आहे. कोणी स्फोट केला, कोणावर केला, हे विचारल्यावाचून ती रेघ वाचता येत नाही.

आणि तिसरे नाव नसरीन मोहम्मदी यांचे. १९३७ मध्ये जन्मलेल्या, बडोद्यात शिकविणाऱ्या, १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारलेल्या या चित्रकर्तीने समुद्राचे, वाळवंटाचे, क्षितिजाचे सार नुसत्या सरळ रेघांत आणले. तिच्या कागदावर स्त्रीदेह नाही. एक वळणसुद्धा शोधावे लागते. अखेरच्या वर्षांत तिचा देह आजाराने ताब्यात राहत नव्हता, आणि त्याच वर्षांत तिच्या रेघा अधिकच काटेकोर होत गेल्या. ती स्वतःला स्त्रीवादी म्हणवीत नव्हती आणि आम्हीही तिच्यावर ते लेबल लावणार नाही. पण तिचे काम एक गोष्ट सिद्ध करते: बाई भूदृश्य काढू शकते, भूदृश्य न होता. ती क्षितिजाकडे पाहणारी असू शकते, पाहिले जाणारे क्षितिज नव्हे. देह तिथे आहे तो रेघ धरणाऱ्या हातात. आमच्या मते देहाची तीच पहिली जागा.

आमच्यावर असा आरोप येईल की आम्ही काव्याचे शत्रू आहोत. बाईला निसर्गाशी जे जवळीक वाटते तीच आम्ही नाकारतो. तसे नाही. जात्यावर बसलेल्या, रानात राबलेल्या बायांनी मातीशी, पावसाशी, पिकाशी संवाद केला आहे, आणि मराठी काव्याचे ते फार मोठे धन आहे. परंतु संवादाला दोघे लागतात. बहिणाबाई चौधरींची थोरवी ही आहे की त्या शेताशी बोलतात. त्या शेत होऊन बसत नाहीत. जवळीक आणि एकरूपता यांतला भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावा लागू नये. पण चित्राची गोष्ट आली की आपण तो विसरतो, कारण चित्रातली बाई गप्प असते आणि तिच्या गप्प राहण्यावर आपली प्रतिभा फुलते.

म्हणून शिक्षकांना आमची एक विनंती आहे. ‘स्त्री आणि निसर्ग’ या विषयावर निबंध लिहून घेणे काही काळ थांबवावे. त्याऐवजी विद्यार्थिनींना आपल्या शेताचा, आपल्या रस्त्याचा, आपल्या दिवसाचा नकाशा काढायला सांगावा. खेड्यांत सहभागी पाहणी करताना चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेण्याची पद्धत आता रुळलेली आहे. तीच वर्गात आणावी. नळ किती लांब, सरपण कुठून, संध्याकाळनंतर कोणत्या वाटेने जायचे नाही, कोणत्या बांधावर बसून डबा खाल्ला, कोणते शेत बापाचे आणि त्यात आपले नाव आहे की नाही. रांगोळीची रेघ उंबऱ्याच्या बाहेर आली, अंगण ओलांडून शिवारात गेली, गटाच्या नकाशाला जाऊन भिडली, तर ते रेखाटन स्त्रीवादी होईल. त्यात एकही वळणदार टेकडी नसली तरी चालेल. आणि असे नकाशे ‘समाजशास्त्राची साधने’ म्हणून फाईलीत घालू नयेत. चित्र म्हणून भिंतीवर लावावेत, काढणारीच्या सहीनिशी.

जमिनीच्या कारभारात फेरफाराची नोंद करण्यापूर्वी नोटीस काढतात आणि हरकती मागवितात. मुदतीत हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते, आणि मग ती बदलणे फार अवघड जाते. ‘बाई म्हणजे जमीन’ ही नोंद मराठी समीक्षेच्या दप्तरात हरकत न येता मंजूर होत आली आहे. आमची हरकत उशिराने आली असेल, पण ती लेखी आहे. नोंदवून घ्यावी.